कोजागरीचा पेला आणि चांदीच्या गावाचे जागरण

पावसाळ्याच्या शेवटच्या सरींनी आकाश धुऊन निघाले, हवेतील धूळ बसली आणि ढगांनी दिशा मोकळ्या केल्या, म्हणजे आश्विनातील पौर्णिमेचा चंद्र जसा दिसतो, तसा वर्षातील दुसऱ्या कोणत्याही पौर्णिमेचा दिसत नाही. या रात्री चंद्र पृथ्वीच्या अगदी निकट येतो, असे घरोघरी सांगितले जाते. दर वर्षी तसे घडत नाही. चंद्राचे निकट येणे आणि पौर्णिमा यांची गाठ निरनिराळ्या महिन्यांत पडत असते. शरदाच्या चांदण्याची शोभा आहे ती आकाशाच्या निर्मळपणाची. आपल्या पूर्वजांनी या निर्मळ रात्रीला एक व्रत जोडले आणि त्या व्रताला एक पेय जोडले. आज आम्ही वाचकांशी बोलणार आहोत ते या पेयाविषयी, आणि बोलताना आमची दृष्टी राहणार आहे ती कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी या चांदीच्या गावाकडे.

‘को जागर्ति?’

कोजागरीच्या मध्यरात्री लक्ष्मी भूतलावर संचार करते आणि ‘को जागर्ति?’ म्हणजे ‘कोण जागा आहे?’ असे विचारीत दारोदार फिरते, अशी श्रद्धा आहे. या प्रश्नावरूनच व्रताला नाव मिळाले. लक्ष्मीचे आणि ऐरावतावर आरूढ झालेल्या इंद्राचे पूजन करावे, नारळाचे पाणी व पोहे देवाला अर्पण करून स्वतः घ्यावेत, आप्तेष्टांसह जागरण करावे, असा या व्रताचा विधी. कित्येक घरांत याच दिवशी आई आपल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळते. त्याला आपण ‘आश्विनी’ म्हणतो. कोकणात हीच नवान्न पौर्णिमा. आणि आटीव, केशरी, सुगंधी दुधात चंद्राचे बिंब पाहून त्याचा नैवेद्य दाखवावा, मग ते प्रसाद म्हणून प्राशन करावे, ही तर महाराष्ट्रातील कोजागरीची खूणच होऊन बसली आहे.

व्रताची कथा मोठी अर्थपूर्ण आहे. मगध देशात वलित नावाचा एक विद्वान पण दरिद्री ब्राह्मण राहत होता. घरच्या कलहाला कंटाळून तो अरण्यात निघून गेला. तेथे आश्विन पौर्णिमेच्या रात्री नागकन्या कोजागरीचे जागरण करीत होत्या. त्यांनी त्याला अक्षक्रीडेला बोलाविले. तो खेळला आणि जवळ होते नव्हते ते सर्व हरला. पणाला लावण्यासारखे काहीही उरले नाही, अशा वेळी लक्ष्मी नारायणासह तेथून चालली होती. तिने त्याला पाहिले आणि त्याच्यावर कृपा केली. या कथेतील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. देवीने वलिताची विद्या विचारली नाही, संपत्ती तर त्याच्याजवळ नव्हतीच. तो जागा होता, एवढेच तिने पाहिले.

जागरण ज्यांच्या कामातच आहे

कोल्हापूरहून विसेक किलोमीटरवर, हातकणंगले तालुक्यात, उसाच्या मळ्यांनी वेढलेले हुपरी हे गाव आहे. शेजारी यळगूड, रेंदाळ, पट्टणकोडोली. पट्टणकोडोलीत याच दिवसांच्या सुमारास विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते आणि भंडाऱ्याच्या उधळणीने सारा परिसर पिवळा होऊन जातो. हुपरीची कीर्ती मात्र पांढऱ्या धातूची. पैंजण, तोरड्या, वाळे, जोडवी, मासोळ्या, छल्ले, कमरपट्टे असे नाना प्रकारचे चांदीचे दागिने येथील घराघरांतून घडतात आणि देशभरच्या पेठांत जातात. चांदी आटवायची तर मुशीखालची आच ९६२ अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी लागते. मग ओतीव लगडीचा पत्रा किंवा तार होते, तारेची कडी होते, कडीला कडी जुळते, डाक लागतो, घुंगरू बसतो, शेवटी उजाळा दिला जातो. एका पैंजणाच्या जोडावर कितीतरी हात फिरतात. घरातील स्त्रियाही त्यात वाटेकरी असतात. पुष्कळ घरांत चांदी व्यापाऱ्याची आणि मजुरी कारागिराची, असा हा व्यवहार चालतो.

पंचांग उघडून पाहिले तर कोजागरीनंतर तेरा दिवसांच्या आसपास धनत्रयोदशी येते आणि लगोलग लक्ष्मीपूजन. त्या दिवसांत देशभरच्या घरांत चांदी खरेदी व्हायची असते. म्हणजे ती घडविणाऱ्यांच्या हाताला उसंत नाही असाच हा पंधरवडा. इतरांना कोजागरीसाठी मुद्दाम जागावे लागते. या गावातील कारागिराला दिवाळीच्या मागणीसाठी नाहीतरी दिव्यापुढे बसावेच लागते. ‘कोण जागा आहे?’ या देवीच्या प्रश्नाला ‘मी जागा आहे’ असे उत्तर द्यायला डाकाच्या ज्योतीवर दृष्टी खिळवून बसलेल्या माणसाइतका अधिकारी दुसरा कोण असणार? लक्ष्मीचे जे रूप आपण दिवाळीला चौरंगावर मांडतो, त्याची चांदी अशाच जाग्या हातांनी घडलेली असते.

आणि तरी एक विसंगती मनाला टोचते. २०२५ साली चांदीचा भाव किलोला लाख रुपयांच्या पुढे गेला. चांदीचा पेला ही सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची वस्तू होत चालली आहे. जो कारागीर आयुष्यभर चांदी हाताळतो, त्याच्या स्वतःच्या ओठांना कोजागरीच्या रात्री स्टीलचाच पेला लागावा, यात नवल नाही. परंतु दुधात उतरणारे चंद्रबिंब पेल्याची धातू विचारीत नाही, हेही तितकेच खरे.

सोमापासून दुधापर्यंत

आपल्या भाषेत ‘सोम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. सोम म्हणजे चंद्र, आणि सोम म्हणजे यज्ञात अर्पण करावयाचा वनस्पतीचा रस. ऋग्वेदाचे नववे मंडल, त्यातील ११४ सूक्ते, प्रायः या सोमालाच वाहिलेली आहेत. हा रस नुसता घेत नसत. गाईचे दूध मिसळलेला तो ‘गवाशिर’, दही मिसळलेला ‘दध्याशिर’ आणि जव मिसळलेला ‘यवाशिर’ असे त्याचे प्रकार सांगितले आहेत. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतात की, रसात्मक सोम होऊन मीच सर्व वनस्पतींचे पोषण करतो. चंद्र, वनस्पतींचा रस आणि दूध या तिन्ही गोष्टी आपल्या परंपरेत किती जुन्या काळापासून एकत्र नांदत आल्या आहेत, हे यावरून दिसेल. केशर, वेलची, जायफळ या वनस्पतींचे सार दुधात उतरवून चंद्राला दाखविणे, यात त्या जुन्या संबंधाची छाया आम्हांला दिसते.

पण येथेच शास्त्रकारांनी एक रेषा ओढली, तीही सांगितली पाहिजे. शतपथ ब्राह्मणात सोमाला सत्य व प्रकाश म्हटले आहे आणि सुरेला असत्य व अंधकार. सुरा आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती, असे मुळीच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष या अधिकाऱ्याच्या कामाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधू असे मद्याचे सहा प्रकार दिले आहेत. त्यांपैकी मैरेयात गूळ, पिंपळी आणि मिरी पडत असे. म्हणजे मसाल्याचे उग्र पेय ही काही नवलाई नव्हे. मनुस्मृतीने गुळाची, पिठाची आणि मधूची अशी सुरेची त्रिविध वाटणी सांगून तिन्ही वर्ज्य ठरविल्या आणि सुरापानाची गणना महापातकांत केली. ज्यांनी हा निषेध केला, त्यांनी ती वस्तू ओळखून केला होता.

हे सांगण्याचे कारण असे की, आज जगाच्या बाजारात एक नवी टूम निघाली आहे. लहान प्रमाणावर, हाताने निगा राखून तयार केलेल्या कडक बिअरमध्ये जायफळ, दालचिनी, वेलची, व्हॅनिला असे मिष्टान्नाचे मसाले घालतात आणि तिची चव जाणकारीने चाखली जाते. युरोपात नाताळच्या दिवसांत अशा पेयांची प्रथा जुनी आहे. इंग्लंडमध्ये कढत बिअरमध्ये साखर, जायफळ आणि भाजलेले सफरचंद घालून ती एकमेकांना आरोग्य चिंतून देत असत. उलट जर्मनीतील बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी १५१६ साली नियम केला की बिअरमध्ये जव, हॉप नावाच्या वेलीची फुले आणि पाणी यांवाचून काही घालू नये. आपल्याकडे २००९ साली पुण्यात जागच्या जागी बिअर तयार करून देणारे एक ठिकाण सुरू झाले आणि त्यानंतर या चवीचे वारे शहरांतून वाहू लागले. भारतीय नियमांप्रमाणे पाच टक्क्यांहून अधिक आणि आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर ‘स्ट्राँग’ गणली जाते. गच्चीवर चांदणे, हातात पेला, पेल्यात जायफळ-वेलचीचा सुगंध. दुरून पाहणाऱ्याला त्या पेल्यात आणि आमच्या कोजागरीच्या पेल्यात भेद दिसणार नाही. तो भेद कोठे आहे, हे घरातील तरुणांना नुसते दटावून सांगता येणार नाही. ते समजावूनच सांगावे लागेल.

चवीची उकल

त्यासाठी प्रथम आपल्याच पेल्याची चव नीट घेऊ या. पेला ओठांशी नेताच आधी येते ती वेलची. तिचे तेल अत्यंत उडते असल्यामुळे ती सर्वांच्या पुढे धावते. म्हणूनच जाणत्या गृहिणी वेलचीची पूड आच बंद केल्यावर घालतात. उकळत्या दुधात घातलेली वेलची स्वयंपाकघर सुगंधित करते आणि पेला मात्र रिता ठेवते. तिच्या मागोमाग जिभेवर आटीव दुधाचा खवटपणाविरहित, किंचित खरपूस गोडवा पसरतो. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, गाईच्या दुधात चारच्या आसपास. मसाल्यांची सुगंधी तेले स्निग्धांशात विरघळतात, म्हणून म्हशीच्या दुधात तीच चिमूट अधिक भरदार लागते आणि अधिक काळ रेंगाळते. केशराचे तसे नाही. त्याचा रंग पाण्यात उतरणारा आहे, आणि त्याला घाई खपत नाही. कोमट दुधात अर्धा तास भिजत ठेवावे, तेव्हा काश्मिरातील पांपोरचे ते धन आपला सोनेरी रंग आणि मधासारखा, किंचित कडवट वास मोकळा करते. मग दातांखाली चारोळी व बदाम येतात. आणि घोट गळ्याखाली उतरल्यावर, सर्वांत शेवटी, छातीत ऊब देत उरते ते जायफळ.

हे जायफळ मूळचे पूर्वेकडील बांदा बेटांचे. आता ते आपल्या कोकणातील नारळी-पोफळीच्या बागांतही येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ ही त्याची जात प्रसारित केली आहे. फळाच्या आत बी, त्या बीवर लाल जाळी. बी ते जायफळ, आणि वाळलेली जाळी ती जायपत्री. पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी यांतून ते आपल्या परिचयाचे झालेले आहे. पण आयुर्वेदाने त्याला निद्राजनक म्हटले आहे. मग जागरणाच्या रात्रीच्या पेयात झोप आणणारी वस्तू कशासाठी?

उत्तर मापात आहे. चार-पाच जणांच्या दुधात पाव जायफळाची किसही पुष्कळ होते. तेवढ्याने जड दूध पचायला साहाय्य होते, आणि मन निवते. तेच जायफळ कोणी चमचा-दोन चमचे खाईल, तर मळमळ, छातीत धडधड, भ्रम अशी लक्षणे उद्भवतात; त्यातील मिरिस्टिसिन हे द्रव्य त्याला कारण आहे. गर्भवतींनी तर अधिकच जपावे. म्हणजे शांतवणारी वस्तू आणि भुलविणारी वस्तू एकच, मधली भिंत केवळ प्रमाणाची. आजीच्या चिमटीला हे प्रमाण ठाऊक होते. मद्याचे दुखणे असे की, पहिल्या पेल्याबरोबर प्रमाण ओळखणारी बुद्धीच मंद होऊ लागते. मोजणाराच झोपी गेला तर मोजणार कोण? आमच्या मते दोन पेल्यांतील भेद हा आहे. मसाला दोहोंत तोच असेल. एक पेला आपल्याला जागे ठेवण्यासाठी आहे आणि दुसरा, कितीही सुगंधी असला तरी, जाग हिरावून घेण्यासाठी. ज्या रात्री देवी जागेपणाचीच चौकशी करते, त्या रात्री हा भेद लहान नव्हे. रात्री डाकाची ज्योत हाती धरणाऱ्या हुपरीच्या कारागिराला हे आम्ही शिकवायला नको. त्याचा डोळा क्षणभर मिटला तर दागिना जळतो, बोटही जळते.

तालमीची साक्ष

उग्र पेयावाचून पुरुषार्थ नाही असे मानणाऱ्यांनी कोल्हापूरचाच इतिहास पाहावा. राजर्षी शाहू छत्रपतींनी ज्या नगरीत खासबागेचे कुस्तीचे मैदान उभारले, तेथील मल्लांचे पेय कोणते? बदाम, खसखस, बडीशेप, मिरी आणि वेलची कुंडीत तासन्‌तास घोटून केलेली थंडाई, आणि गंगावेशीत मिळणारे म्हशीचे धारोष्ण दूध. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने ‘गोकुळ’ हे नाव घरोघरी नेले आणि दुधाला जिल्ह्याच्या अर्थकारणात मानाचे स्थान मिळाले. ज्या मातीत दुधाने पैलवान पोसले, त्या मातीत कोजागरीच्या दुधाला मिळमिळीत म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

पेला आणि माप

चांदीच्या पेल्याविषयी दोन शब्द. सर्व धातूंत उष्णता सर्वाधिक वेगाने वाहून नेणारी धातू चांदी. म्हणून कढत दूध तीत ओतताच काठ ओठाला चटका देतो, आणि थोड्याच वेळात दूध सुखोष्ण होते. दूध आधी निववून मग चांदीत ओतावे, हे उत्तम. शुद्ध चांदी मऊ असते, म्हणून तीत तांबे मिसळतात. दर शेकडा साडेब्याण्णव भाग चांदी असलेली भांडी व दागिने सर्वत्र चालतात. खाण्यापिण्याचे भांडे घेताना मात्र शुद्धतेचा छाप पाहूनच घ्यावे. भारतात चांदीसाठी हॉलमार्कची योजना २००५ साली सुरू झाली. डाकात कॅडमियमसारखी अपायकारक धातू नाही ना, हेही विक्रेत्याला विचारावे. जाणता सराफ या प्रश्नाने रागावणार नाही.

आता गृहिणींसाठी माप. म्हशीचे दोन लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर, सतत ढवळीत, दीड लिटर होईपर्यंत आटवावे. दीडशे ग्रॅम साखर घालून पाच मिनिटे उकळू द्यावे. भिजवून सोललेले पंधरा-वीस बदाम, तितकेच पिस्ते आणि दोन चमचे चारोळी भरड कुटून घालावी. उतरविल्यावर भिजविलेले वीस-पंचवीस काड्या केशर, आठ-दहा वेलच्यांची पूड आणि वर पाव जायफळाची ताजी किस. कोल्हापुरी गूळ घालण्याची हौस असेल त्यांनी दूध कोमट झाल्यावरच घालावा. उकळत्या दुधात गूळ पडला की ते नासण्याचे भय असते. भांडे चांदण्यात ठेवताना वर पातळ स्वच्छ वस्त्र बांधावे आणि नैवेद्यापुरतेच ते दूर करावे. दूध तासन्‌तास उघड्यावर ठेवणे आरोग्याला हितकर नाही. मधुमेह असलेल्यांनी साखरेवाचूनचा अर्धा पेला वेगळा काढून घ्यावा. प्रसाद हा प्रमाणानेच प्रसाद राहतो.

आणखी एक गोष्ट मापात धरावी. पातेल्यात घरच्या माणसांपेक्षा दोन पेले अधिक असावेत. त्या रात्री रुग्णालयात, गिरणीत, पहाऱ्यावर, एस. टी.च्या चाकामागे, किंवा दिवाळीच्या पैंजणांना घुंगरू जोडीत कोणी ना कोणी जागे असते. आपण हौसेने जागतो, ते कर्तव्याने जागतात. लक्ष्मीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर त्यांचे आहे. आपल्या आळीतील अशा एखाद्या जाग्या माणसापर्यंत एक पेला पोहोचला, तर कोजागरीचे व्रत सांग झाले असे आम्ही समजू.

या पौर्णिमेला वाचकांच्या अंगणात स्वच्छ चांदणे उतरो, पेल्यात चंद्रबिंब स्थिर राहो, आणि महालक्ष्मी अंबाबाई दारी येऊन ‘कोण जागा आहे?’ असे विचारील तेव्हा प्रत्येक घरातून निर्मळ, सावध स्वरात उत्तर जावो, हीच प्रार्थना.